लेनॉक्स लुईस : घेतलेल्या रीमॅच आणि न दिलेली रीमॅच

उजवाहात

२१ जून २००३, लॉस एंजेलिस, स्टेपल्स सेंटर. सहा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही जजच्या कार्डावर ५८-५६ असा हिशेब होता आणि तिन्ही कार्डं विताली क्लिचकोच्या बाजूने होती. सातव्या फेरीची घंटा व्हायच्या आत डॉक्टरांनी क्लिचकोच्या डाव्या डोळ्यावरची जखम पाहिली आणि लढत थांबवली. लेनॉक्स लुईस टेक्निकल नॉकआउटने (प्रतिस्पर्धी पुढे लढू शकत नाही म्हणून लढत थांबवून) जिंकला, पट्टा त्याच्याकडेच राहिला, आणि प्रेक्षकांनी जिंकलेल्या माणसाची हुर्यो उडवली. त्यानंतर लुईस कधीच लढला नाही. ६ फेब्रुवारी २००४ ला त्याने निवृत्ती जाहीर केली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हेवीवेटच्या इतिहासात लुईस पहिल्या पाचांत बसतो. त्याची थोरवी मुख्यतः रीमॅचवर, म्हणजे त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा झालेल्या लढतींवर, उभी आहे, आणि नेमक्या त्याच बाबतीत तो क्लिचकोचं देणं ठेवून गेला.

कारकीर्द बघा. ४४ लढती, ४१ विजय, २ पराभव, १ बरोबरी. त्याला हरवणारे दोघे आणि बरोबरीत रोखणारा एक, या तिघांनाही त्याने पुन्हा गाठलं आणि हरवलं. व्यावसायिक कारकिर्दीत ज्या ज्या माणसासमोर तो उभा राहिला, त्या प्रत्येकावर त्याच्या नावे विजय आहे. हे किती हेवीवेट विजेत्यांना जमलं, आठवून पाहा.

पहिला ऑलिव्हर मॅक्कॉल. सप्टेंबर १९९४, वेम्ब्ली अरेना. दुसरी फेरी सुरू होऊन अर्धा मिनिट झालेलं. लुईस उजवा ठोसा टाकतो, त्याच क्षणी मॅक्कॉलही डोळे मिटून उजवा टाकतो आणि त्याचा आधी पोचतो. लुईस उठतो, पण पाय लटपटतात आणि रेफ्री थांबवतो. मॅक्कॉलच्या कोपऱ्यात तेव्हा इमॅन्युएल स्टुअर्ड होता. लुईसने पुढे काय केलं? स्टुअर्डलाच आपला प्रशिक्षक केलं. ज्याने आपली खोट हेरली त्याच्याकडेच ती दुरुस्त करायला जायचं, याला मोठं मन लागतं. त्यानंतरचा लुईस वेगळाच होता. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, लांबला, पाय जमिनीत रुतले आणि उजवा जॅबच्या मागून यायला लागला.

रीमॅच फेब्रुवारी १९९७ मध्ये, लास व्हेगासला झाली. ती बघवत नाही. तिसऱ्या फेरीनंतर मॅक्कॉल आपल्या कोपऱ्यात जायला तयार नव्हता, रिंगमध्ये येरझारा घालत होता. मग रडायला लागला. हात खाली, ठोसा टाकायचा नाही, समोरच्याकडे बघायचं नाही. व्यसनातून नुकता उपचार घेऊन आलेला माणूस होता तो. पाचव्या फेरीत रेफ्री मिल्स लेनने लढत थांबवली. कागदावर लुईसचा वचपा निघाला, पण अशा लढतीतून कोणाला काय मिळालं, मला अजून कळलेलं नाही.

दुसरा इव्हँडर होलीफिल्ड. मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत लुईसचे ३४८ ठोसे लागले, होलीफिल्डचे १३०. निकाल बरोबरी! एका जजने लुईसला ११६-११३ दिलं, एकाने ११५-११५, आणि एकीने होलीफिल्डला ११५-११३. पाचव्या फेरीत लुईसने होलीफिल्डला दोरांना लावून झोडलं होतं, ती फेरीही त्या बाईंनी होलीफिल्डला दिली. आठ महिन्यांनी लास व्हेगासमध्ये रीमॅच झाली आणि तिन्ही जजनी लुईसला विजयी केलं.

तिसरा हसीम रहमान. एप्रिल २००१, दक्षिण आफ्रिकेतलं ब्राकपान. उंचावरचं ठिकाण. रहमान हवा अंगवळणी पाडायला बराच आधी जाऊन राहिलेला, लुईस एका हॉलिवूडपटाच्या कामातून उशिरा पोचलेला. पाचव्या फेरीत लुईस दोरांना टेकून हसत होता, हात खाली होते, आणि रहमानचा उजवा हनुवटीवर बसला. नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासच्या मँडले बेला चौथ्या फेरीत लुईसने त्याला डाव्या हुकमागून (बाजूने वळवून मारलेल्या ठोशामागून) सरळ उजवा मारून असं पाडलं की दहा मोजेपर्यंत त्याला उठता आलं नाही.

आता माझा मुद्दा. रहमानला ती रीमॅच द्यायची नव्हती. तो लढती भरवणाऱ्या डॉन किंगकडे गेला आणि दुसऱ्याच कुणाशी लढायच्या तयारीला लागला. लुईस न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात गेला. न्यायालयाने रहमानला बजावलं की करारातलं रीमॅचचं कलम पाळ, नाहीतर १८ महिने दुसऱ्या कोणाशी किताबासाठी लढायचं नाही. म्हणजे स्वच्छ नॉकआउट खाल्लेल्या माणसाने कोर्टातून रीमॅच मिळवली. आणि दोन वर्षांनी, कार्डांवर पुढे असताना जखमेने हरलेल्या माणसाला त्याने ती नाकारली.

हे न्याय्य होतं का? तुम्हाला काय वाटतं?

किचनेरकर

छान धागा. मी ऑन्टारियोत ज्या गावात राहतो ते लुईसचं गाव. लंडनमध्ये जन्मलेला, जमैकन आईचा मुलगा बारा वर्षांचा असताना इथे किचनेरला आला. वॉटर्लू रिजनल पोलिसांच्या बॉक्सिंग क्लबमध्ये आर्नी बोएम यांनी त्याला घडवलं. इथल्या जुन्या लोकांना तो अजून आपलाच वाटतो.

उजवाहात, तुमच्या यादीत एक रीमॅच राहिली, आणि लुईस समजायला ती सगळ्यात महत्त्वाची आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत तो टायरेल बिग्जकडून हरला. बिग्जने पुढे सुवर्ण घेतलं. लुईस तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. व्यावसायिक व्हायला पैसे घेऊन माणसं दारात उभी होती. त्याने नकार दिला आणि चार वर्षं हौशी म्हणूनच थांबला. १९८८ ला सोलमध्ये सुवर्ण घेतलं, अंतिम लढतीत रिडिक बोवला दुसऱ्याच फेरीत थांबवून. आणि बिग्ज? त्याला १९९१ मध्ये अटलांटात गाठलं आणि तिसऱ्या फेरीत संपवलं.

याला रीमॅच टाळणारा म्हणणं मला पटत नाही. उलट त्यालाच वर्षानुवर्षं टाळलं गेलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये बोव होलीफिल्डला हरवून विजेता झाला, तेव्हा डब्ल्यूबीसी या जागतिक किताब देणाऱ्या संस्थेच्या नियमाने लुईसशी लढणं त्याला भाग होतं, कारण लुईसने रेझर रडकला दोन फेऱ्यांत उडवून तो हक्क मिळवला होता. बोवने काय केलं? लंडनला पत्रकारांसमोर पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. सोलची रीमॅच कधीच झाली नाही. पुढे टायसनच्या बाजूने चाळीस लाख डॉलर देऊन लुईसला रांगेत थांबायला लावलं, आणि टायसननेही तो पट्टा शेवटी सोडूनच दिला. टायसन मिळाला तो २००२ मध्ये, मेम्फिसला, दोघांचीही उमेद उतरल्यावर. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मर्जीवर काढलेल्या माणसाने एकदा स्वतःच्या मर्जीने थांबायचं ठरवलं, तर तुम्ही त्याला देणेकरी ठरवताय.

मनस्विनी

किचनेरकरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

निवृत्त झाला तेव्हा लुईस ३८ वर्षांचा होता. क्लिचकोशी लढताना त्याचं वजन २५६.५ पौंड भरलं होतं, कारकिर्दीतलं सर्वात जास्त. त्याआधी वर्षभर तो लढला नव्हता. म्हणजे शरीर सांगत होतं की पुरे. दुसऱ्या फेरीत क्लिचकोच्या उजव्याने त्याचे गुडघे वाकले ते सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी थांबणारा माणूस शहाणा. अलीचं १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर काय झालं आणि १९८१ मध्ये बर्बिकसमोर काय झालं, ते आठवा. पुढचं सगळं आयुष्य आपण बघितलंच.

हेवीवेटचा विजेता असताना निवृत्त व्हायचं आणि मग परत यायचंच नाही, हे त्याच्याआधी जीन ट्यूनी आणि रॉकी मार्सियानोने करून दाखवलं. पैशाची लालूच काय थोडी असते? क्लिचकोबरोबरच्या दुसऱ्या लढतीचे त्याला कोट्यवधी डॉलर मिळाले असते. ते सोडून तो घरी गेला. आज तो स्पष्ट बोलतो, समालोचन करतो, बुद्धिबळ खेळतो. बॉक्सरच्या वारशात हे धरायचं की नाही?

प्रेक्षकांचं कुतूहल अपुरं राहिलं म्हणून एखाद्याने मेंदूवर आणखी मार घ्यावा, अशी मागणी करायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

उजवाहात

मनस्विनी, निवृत्तीबद्दल माझी तक्रारच नाही. २२ जूनच्या सकाळी त्याने हातमोजे ठेवले असते तर मी हा धागा काढला नसता. तक्रार मधल्या साडेसात महिन्यांची आहे. डिसेंबरमधल्या रीमॅचची बोलणी झाली आणि लुईसच्या बाजूने मोडली. मग ६ डिसेंबरला क्लिचको कर्क जॉन्सनशी लढला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोनच फेऱ्यांत त्याला थांबवलं आणि पुन्हा अधिकृत आव्हानवीर झाला. डब्ल्यूबीसीने लुईसला मुदत घातली की सही कर, नाहीतर पट्टा जाईल. तेव्हा कुठे निवृत्ती आली. इतका काळ पट्टा त्याच्या कपाटात होता आणि एक धडधाकट आव्हानवीर दारात ताटकळत होता.

किचनेरकर, बोवने लुईसशी जे केलं ते लाजिरवाणं होतं, यात वादच नाही. म्हणूनच मला जास्त लागतं. ताटकळणं म्हणजे काय हे लुईसइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं?

शल्यक

जखमेबद्दल थोडं सांगते, कारण यावर चुकीचं फार बोललं जातं. "डॉक्टरांनी लुईसला वाचवलं" हे वाक्य मी अनेक ठिकाणी वाचलंय.

तिसऱ्या फेरीत लुईसच्या उजव्याने डाव्या डोळ्यावरची कातडी फाटली. पापणीवरची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, आणि भुवईच्या कडेला खाली लगेच हाड. हातमोज्याचा दाब हाडावर पडला की ती आतून बाहेर चिरते. रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे रक्त थांबत नाही. कोपऱ्यातल्या माणसाकडे अॅड्रेनलिनचा बोळा आणि एक मिनिट, एवढंच असतं. बाहेर काढल्यावर त्याला जवळपास साठ टाके पडले, म्हणजे एक चीर नव्हती, बऱ्याच होत्या, गालावरही होत्या. डॉक्टरांनी नंतर सांगितलेलं कारण माझ्या मते निर्णायक आहे. क्लिचकोने मान वर केली की फाटलेली पापणी डोळ्यावर उतरत होती. समोरच्याचा उजवा हात ज्या बाजूने येतो त्याच बाजूचं दिसत नाही. शिवाय आत पापणी उचलणारा स्नायू आणि अश्रुमार्ग असतात. तिथे आणखी दोन-तीन फटके म्हणजे कायमचं व्यंग. मी तिथे असते तर मीही थांबवलं असतं, कदाचित एक फेरी आधी.

आता नियम बघा. जखम वैध ठोशाने झाली की तो टेक्निकल नॉकआउट. हीच जखम चुकून डोक्याला डोकं लागून झाली असती, तर चार फेऱ्या पूर्ण झालेल्या असल्याने निकाल कार्डांवर गेला असता आणि क्लिचको जगज्जेता झाला असता. जखम तीच, टाके तेच. पण मला हा फरक योग्य वाटतो. ठोसा लुईसने मारला होता आणि कातडी फाडणं हेही ठोशाचंच काम आहे. तेव्हा लुईसचा विजय शंभर टक्के खरा.

तरीही मी उजवाहात यांच्या बाजूने. कोण हरलं याचं उत्तर त्या रात्री मिळालं. कोण सरस हे बाकी राहिलं.

खडकीवाला

मी लष्कराच्या वातावरणात वाढलो, राज्य पातळीपर्यंत खेळलो, आता पोरांना शिकवतो. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक म्हणजे तयारी. लुईस कर्क जॉन्सनसाठी तयार होत होता. जॉन्सन त्याच्यापेक्षा बुटका आणि जाडजूड. त्याच्यासाठी वरून खाली मारायचा सराव करतात, अपरकट, म्हणजे खालून वर मारायचा ठोसा, घोटून घेतात. जॉन्सनला दुखापत झाली आणि दोन आठवडे उरले असताना समोर आला सहा फूट सात इंचाचा क्लिचको, हात कमरेजवळ ठेवून मागे झुकून लढणारा, कुठून मारेल त्याचा नेम नाही. लुईसने आयुष्यभर आपल्या उंचीचा फायदा घेतला, त्या रात्री मात्र त्याला वर बघून जॅब टाकावा लागला. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत तो इतका गोंधळलेला दिसतो. क्लिचकोलाही वेळ कमीच होता, पण तो त्याच रात्रीच्या दुसऱ्या एका लढतीसाठी आधीपासून तयारीत होता.

मग लुईसने काय केलं ते बघा. लांबून जमत नाही म्हटल्यावर तो आत घुसला. तिसऱ्या फेरीपासून त्याने त्या लढतीची मारामारी केली, धरायचं, ढकलायचं, अंगावर वजन टाकायचं आणि सुटता सुटता मारायचं. सहाव्या फेरीतला त्याचा अपरकट परत परत बघण्यासारखा आहे. क्लिचकोची मान मागे फेकली जाते. दुसरा कोणी असता तर आडवा झाला असता. क्लिचको उभा राहिला. माझ्या पोरांना मी ती फेरी दाखवतो, दोघांसाठीही.

दुसरं म्हणजे आमच्या हौशी बॉक्सिंगमध्ये रीमॅच नसतेच. हरलात, सामान उचला, घरी जा. पुढची संधी पुढच्या स्पर्धेत, समोर तोच येईल याची खात्री नाही. त्यामुळे संधी मागावी लागते. २०१९ मध्ये निखत झरीनने मेरी कोमविरुद्ध चाचणी लढत मागितली तेव्हा केवढा गदारोळ झाला! नवख्या पोरीने एवढ्या मोठ्या खेळाडूला आव्हान द्यावं? शेवटी डिसेंबरमध्ये दिल्लीत लढत झाली आणि मेरी कोम ९-१ ने जिंकली. प्रश्न मिटला. निखतला उत्तर मिळालं आणि पुढे ती स्वतः जगज्जेती झाली. लढत झाली नसती तर दोघींबद्दल आजपर्यंत कुजबूज चालली असती. लुईस-क्लिचकोचं तेच झालंय.

दादरचे आजोबा

तुम्हा सगळ्यांचं वाचून आनंद झाला. मी अलीच्या काळातला, म्हणून थोडं मागे नेतो.

रीमॅचचं कलम ही काही आजची गोष्ट नाही. १९५९ मध्ये स्वीडनच्या इंगेमार योहानसनने फ्लॉइड पॅटरसनला तिसऱ्या फेरीत सात वेळा खाली पाडून किताब घेतला. पॅटरसनला कराराप्रमाणे रीमॅच मिळाली, १९६० मध्ये त्याने पाचव्या फेरीत योहानसनला आडवं केलं आणि गमावलेला हेवीवेट किताब परत मिळवणारा तो पहिला ठरला. उजवाहात, तुमच्या हिशेबाने सात वेळा पडलेल्या माणसाला रीमॅच मिळायलाच नको होती. मग हा इतिहास घडला असता का?

उलट बाजूही सांगतो. १९६४ मध्ये अलीने लिस्टनला हरवलं आणि लगेच रीमॅच ठरली. डब्ल्यूबीए या किताब देणाऱ्या दुसऱ्या संस्थेचा तेव्हा लगेचच्या रीमॅचला विरोध होता, त्यांनी अलीची मान्यता काढून घेतली. म्हणजे तेव्हा रीमॅच दिल्याबद्दल शिक्षा होती.

आणि अलीचं काय? ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात त्याने फोरमनला आठव्या फेरीत लोळवलं. फोरमनला त्यानंतर अलीशी पुन्हा लढायला कधीच मिळालं नाही. १९७६ मध्ये फोरमनने फ्रेझरला दुसऱ्यांदा हरवलं, तेव्हा तो त्या रांगेत पुढेच होता. अलीचं नाव कोणी कमी केलं का? टायसनलाही बस्टर डग्लसविरुद्ध दुसरी संधी मिळाली नाही, कारण डग्लस पहिल्याच बचावात होलीफिल्डकडून हरला.

मला जुन्या काळातल्या जो लुईसचं उदाहरण सगळ्यांत मोठं वाटतं. १९३६ मध्ये श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत नॉकआउट केलं. १९३७ ला जो लुईस जगज्जेता झाला, पण श्मेलिंगला हरवल्याशिवाय स्वतःला विजेता म्हणवून घ्यायची त्याची तयारी नव्हती. जून १९३८, यांकी स्टेडियम, १२४ सेकंद. त्याला कोर्टात जावं लागलं नाही आणि कलमही दाखवावं लागलं नाही. मनात सल होता म्हणून तो लढला.

उजवाहात

आजोबा, तुमच्या प्रतिसादासाठीच असे धागे काढावेत.

फोरमनबद्दल माझं उत्तर सरळ आहे. किन्शासात लढत निकाली झाली. फोरमन दहा मोजेपर्यंत उठला नाही, जखम नव्हती, गुणांचा घोळ नव्हता, डॉक्टर मध्ये आला नव्हता. रीमॅच झाली असती तर मजा आली असती, पण फोरमनचं काही देणं लागत नव्हतं. मी रीमॅचचा हक्क एवढ्यापुरताच मानतो. पहिल्या लढतीने प्रश्न सोडवला नसेल तर. गुणांकन उघड चुकलं असेल, होलीफिल्डच्या पहिल्या लढतीसारखं, किंवा लढत मध्येच तुटली असेल. पॅटरसन आणि ब्राकपानचा लुईस यांना रीमॅच मिळाली ती कराराने. न्यायालय बरोबर होतं, करार करार असतो. पण त्याने खेळातला हक्क सिद्ध होत नाही.

आणि ही कलमं फुकट येत नाहीत. मधल्या मध्ये तिसरा माणूस भरडला जातो. टायसन फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डरचं बघा. २०१८ मध्ये बरोबरी, तिची रीमॅच हवीच होती. २०२० मध्ये फ्युरीने सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्याला टॉवेल टाकायला लावला. तिथे संपायला हवं होतं. पण कलम होतं, प्रकरण लवादाकडे गेलं, मे २०२१ मध्ये लवादाने तिसरी लढत घ्यायला लावली आणि जुळत आलेली फ्युरी-जोशुआ लढत बारगळली. सप्टेंबरमध्ये जोशुआ उसिककडून हरला आणि सगळे पट्टे एकत्र आणणारी ती ब्रिटिश लढत कायमची हुकली. उसिकनेही मे २०२४ मध्ये चारही पट्टे गोळा केले आणि फ्युरीच्या रीमॅचमुळे सव्वा महिन्यात त्यातला आयबीएफ संस्थेचा सोडावा लागला. पंचवीस वर्षांनी एक निर्विवाद विजेता मिळाला होता, तो इतकाच टिकला.

किचनेरकर

पण फ्युरी-वाइल्डरची तिसरी लढत गेल्या वीस वर्षांतली सर्वोत्तम हेवीवेट लढत होती ना? दोघे मिळून पाच वेळा खाली पडले आणि अकराव्या फेरीत निकाल लागला. तुमच्या नियमाने ती झालीच नसती. तसंच मँडले बेचा तो उजवा. ती लढत काढून टाका आणि लुईसला पुन्हा तोला. ब्राकपानला हसत हसत नॉकआउट झालेला म्हणूनच तो राहिला असता. तुम्ही त्याला पहिल्या पाचांत बसवता ते ज्या लढतीच्या जोरावर, तीच तुम्हाला अन्याय्य वाटते. हे कसं जुळवायचं?

मनस्विनी

मी काल होलीफिल्डच्या दोन्ही लढती आवाज बंद करून पुन्हा पाहिल्या आणि फेरीगणिक गुण मांडले. पहिलीत मला होलीफिल्डला तीनपेक्षा जास्त फेऱ्या देताच येत नाहीत. दुसरी मात्र खरोखर अटीतटीची आहे. होलीफिल्ड सातव्या फेरीत काय सुंदर लढलाय! लुईसला दिली तरी ११५-११३ च्या पुढे मी जाणार नाही, आणि एका जजने ११७-१११ दिलंय.

मला असं वाटलं की दुसऱ्या रात्री जजच्या डोक्यात पहिली रात्र होती. आधीची चूक भरून काढायची, हे कुठेतरी मनात असणारच. मग होलीफिल्डला त्या रात्री स्वच्छ न्याय मिळाला का? आणि लुईसला तरी काय मिळालं? ४१-२-१ मधला तो एक अजून तिथेच आहे. न्यूयॉर्कमध्ये चौकशा झाल्या, पण निकाल कोणी बदलला नाही. चुकीच्या निकालावर उपाय हवा असेल तर तो गुणांकनात हवा. बॉक्सरने पुन्हा बारा फेऱ्या मार खाऊन जजची चूक निस्तरायची, हे मला मान्य नाही.

शल्यक

मनस्विनी, हे फार नेमकं मांडलंस. माझ्या बाजूने एवढीच भर घालते की मार साठत जातो. पहिल्या लढतीचा हिशेब कार्डावरून पुसला गेला तरी मेंदूवरून पुसला जात नाही. होलीफिल्ड नंतर कितीतरी वर्षं लढत राहिला, त्याच्या बोलण्यातला फरक ऐका.

क्लिचकोबद्दल मात्र एक सांगायचं राहिलं. २००० मध्ये बर्लिनला तो ख्रिस बर्डविरुद्ध गुणांवर पुढे असताना खांद्याचा स्नायूबंध फाटला म्हणून नवव्या फेरीनंतर स्टुलावरून उठला नाही. अमेरिकन पत्रकारांनी त्याला पळपुटा ठरवलं. खांद्याची ती दुखापत काय असते हे मला माहीत आहे, हात वर जात नाही. पण शिक्का बसला तो बसला. लॉस एंजेलिसला डोळ्यावरून रक्त वाहत असताना तो डॉक्टरांना नाही नाही म्हणत होता, त्यानंतर तो शिक्का पुसला गेला. कारकीर्द संपली तेव्हा ४५ विजय आणि २ पराभव, दोन्ही पराभवांच्या वेळी तो कार्डांवर पुढे. हरूनही त्या रात्री त्याने काहीतरी कमावलं.

उजवाहात

किचनेरकर, प्रश्न बरोबर जागी लागलाय. रहमानची दुसरी लढत लुईसला खेळाच्या न्यायाने मिळायला नको होती असं मी म्हणतो, पण मिळाल्यावर त्याने तिचं जे केलं ते त्याचंच. किताब परत मिळाल्यामुळे नव्हे, कसा मिळवला यामुळे मी ती लढत मोजतो. ब्राकपानमधल्या प्रत्येक ढिलाईचं उत्तर त्यात आहे. वजन कमी, हात वर, जॅब पहिल्या घंटेपासून. संधी कराराने दिली, त्या चार फेऱ्या लुईसच्या स्वतःच्या.

आणि म्हणूनच वाटतं की क्लिचकोची दुसरी लढत तो जिंकला असता. तीन महिने पूर्ण तयारी केलेला, २४५ पौंडांचा लुईस, स्टुअर्ड कोपऱ्यात, समोरच्याची अडनिडी शैली एकदा पाहून झालेली. दुसऱ्या लढतीत तो नेहमीच चांगला दिसला. तो हरेल अशी भीती मला नाही. ती लढत आपल्याला आणि क्लिचकोला मिळाली नाही, याचं वाईट वाटतं. त्याने सोडलेला पट्टा क्लिचकोने एप्रिल २००४ मध्ये त्याच स्टेपल्स सेंटरमध्ये कॉरी सँडर्सला आठव्या फेरीत थांबवून घेतला, पण समोर लुईस नव्हता.

माझी यादी विचाराल तर अली, जो लुईस, लॅरी होम्स, लेनॉक्स लुईस. क्लिचकोला पुन्हा हरवलं असतं तर तिसरा.

दादरचे आजोबा

होम्स तिसरा? अहो, होम्सने १९८३ मध्ये टिम विदरस्पूनला जेमतेम हरवलं. तीनपैकी दोन जज होम्सकडे, एक विदरस्पूनकडे. नवव्या फेरीत होम्स पडता पडता राहिला. विदरस्पून बिचारा रीमॅच मागत राहिला, ती त्याला मिळाली नाही. त्याच वर्षाच्या शेवटी होम्सने डब्ल्यूबीसीचा पट्टाही सोडला. लुईसला जो दंड लावलात तो होम्सला का नाही?

उजवाहात

आजोबा, कारण ती लढत बारा फेऱ्या चालली. शेवटची घंटा झाली, प्रत्येक फेरी मोजली गेली, निकाल घासून लागला तरी लागला. आणि नवव्या फेरीत पाय गेल्यावर होम्सने त्याच फेरीच्या शेवटी जॅब टाकत टाकत विदरस्पूनला मागे रेटलं, लढत तिथून परत खेचून आणली. विदरस्पूनला रीमॅच दिली असती तर होम्सचं मोठेपण वाढलं असतं, हे मान्य. पण त्याने अर्धा डाव सोडून पट्टा नेला नव्हता. लॉस एंजेलिसला सहा फेऱ्या उरल्या होत्या.

दादरचे आजोबा

ठीक. पण माझ्या यादीत तिसरा मार्सियानो. वॉलकॉट, चार्ल्स, लास्टार्झा, तिघांनाही त्याने दुसऱ्यांदा सामोरा जाऊन हरवलं, आणि एझर्ड चार्ल्सविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत नाकपुडी उभी चिरलेली असताना. डॉक्टरबाई, ती लढत बघा आणि सांगा, आजच्या नियमांनी तुम्ही ती आठव्या फेरीपर्यंत जाऊ दिली असती का?